गिटारमधून पॅड: आधी टंकार पुसा, मग आस वाढवा

गिटारची तार छेडली की काही मिलिसेकंदांत तिचा आवाज शिखर गाठतो आणि तिथून पुढे फक्त उतरत जातो. पॅडचं नेमकं उलट. पॅड हा मुळात सिंथेसायझरवाल्यांचा शब्द. सावकाश उमलणारा, बराच वेळ टिकणारा, गाण्याच्या मागे पसरून राहणारा सूर म्हणजे पॅड. तो कधी सुरू झाला ते कळत नाही आणि कधी संपला तेही कळत नाही. तंबोऱ्याचंच बघा ना. चारही तारा एकामागून एक छेडल्याच जातात, पण चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात छेडणं ऐकू येत नाही, एकसंध नाद ऐकू येतो. गिटारकडून आपल्याला हेच करून घ्यायचंय.

म्हणजे कामं दोनच. एक, टंकार पुसायचा. बोट किंवा पिक तारेवर लागल्याचा तो ‘टक्’ नाहीसा करायचा. दोन, आस, म्हणजे छेडल्यानंतर मागे रेंगाळणारा नाद, वाढवायची. नवशिके बहुधा दुसऱ्या कामापासून सुरुवात करतात. मोठा रिव्हर्ब (आवाज सभागृहात घुमल्यासारखा करणारं पेडल, म्हणजे पायाने चालवायचं यंत्र) आणतात, सगळे नॉब उजवीकडे फिरवतात आणि हाती येतो विहिरीत पडलेल्या गिटारचा आवाज. टंकार जिथल्या तिथे, वर त्याला प्रतिध्वनी. मीही कित्येक महिने हेच करत होतो. म्हणून या लेखात पहिल्या कामाला जरा जास्त जागा दिली आहे.

पेडलला पाय लावण्याआधी

इलेक्ट्रिक गिटार असेल तर नेक पिकअप निवडा. पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपणारा भाग, आणि नेक पिकअप म्हणजे फिंगरबोर्डाच्या शेजारचा. टोन नॉब निम्म्यावर आणा. पिक बाजूला ठेवा आणि बोटाच्या मांसल भागाने तार छेडा, नखाने नव्हे. छेडायचं कुठे, हेही महत्त्वाचं. ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, छेडलं की आवाजात वरचे हार्मोनिक (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर) जास्त येतात आणि टंकार टोचतो. नेक जिथे बॉडीला मिळते त्याच्या आसपास छेडलं की तो गोल होतो. एवढ्या चार गोष्टींनी निम्मा टंकार जातो, तोही फुकटात.

सूर काटेकोर लावा. एरवी पटकन वाजवून पुढे जाताना किंचित उतरलेली तार खपून जाते. पॅडमध्ये तोच सूर आठ-दहा सेकंद हवेत राहतो आणि बेसूर पंचमाचे हेलकावे सगळ्यांना ऐकू येतात.

स्वेल: करंगळीचा खेळ

आता मुख्य तंत्र. गिटारचा व्हॉल्यूम नॉब शून्यावर न्या. तार छेडा. काहीच ऐकू येणार नाही. टंकार या शांततेत निघून जातो. मग नॉब हळूहळू उघडा. सूर धुक्यातून आल्यासारखा वर येईल आणि त्याला व्हायोलिनच्या गजासारखी सुरुवात मिळेल. याला गिटारवाले स्वेल म्हणतात.

स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारवर व्हॉल्यूम नॉब तारांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे छेडणारं बोट तारेवर आणि करंगळी नॉबवर असं एकाच हाताने जमतं. लेस पॉलसारख्या गिटारवर नॉब लांब पडतो, तिथे हाताची ओढाताण होते. तरीही पहिला आठवडा नॉबवरच घालवा. सूर किती वेगाने उघडला की तो कसा वाटतो, याची जाण करंगळीतून लवकर येते. अर्ध्या सेकंदात उघडलात तर टंकार गेलेला पण सूर चटकन हजर, असा आवाज मिळेल. दोन सेकंद घेतलेत तर खरा पॅड. चार सेकंद घेतलेत तर नॉब पूर्ण उघडेपर्यंत तारेतला दमच संपलेला असेल. तारेची ऊर्जा तर छेडल्या क्षणापासून उतरतच असते. तिचा उतार आणि तुमच्या नॉबचा चढ यांची सांगड घालायची, हीच खरी कसरत.

इथे कॉम्प्रेसर मदतीला येतो. मोठा आवाज दाबून लहान आवाज वर उचलणं हे त्याचं काम, त्यामुळे तारेचा उतार सपाट होतो आणि स्वेलला जास्त वेळ मिळतो. तो व्हॉल्यूम पेडलच्या आधी लावा. नंतर लावलात तर तो तुमचा सावकाश चढ ओळखून तोच सपाट करायला बघेल आणि सगळी मेहनत वाया. कॉम्प्रेसर हिस, म्हणजे मागची सूं-सूं, तीही वर उचलतो, म्हणून बेताने.

पुढची पायरी व्हॉल्यूम पेडल. हात मोकळे होतात आणि पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बोटांनी छेडता येते. विकत घेताना एक गोष्ट बघा. पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडल साधारण दोन जातींत मिळतात: २५० किलोओमचे आणि २५ किलोओमचे. साध्या पॅसिव्ह पिकअपची गिटार थेट पेडलमध्ये जाणार असेल तर २५० वालं. आधी बफर (सिग्नल मजबूत ठेवणारं सर्किट) असलेलं पेडल असेल, किंवा गिटारचे पिकअप बॅटरीवर चालणारे, म्हणजे अॅक्टिव्ह असतील, तर २५ वालं. उलटं केलंत, म्हणजे पॅसिव्ह गिटार थेट २५ किलोओमला जोडली, तर आवाज मंद आणि बोजड होतो आणि दोष गिटारला दिला जातो.

पायाची लय अशी: टाच खाली, आवाज बंद, छेडा, बोटांकडे पाय सावकाश झुकवा, पुढची कॉर्ड बदलायच्या आधी टाच परत खाली. हे शेवटचं सगळे विसरतात. उघड्या पेडलवर कॉर्ड बदलली की बोटं सरकल्याची चिरचिर आणि नवा टंकार दोन्ही आत शिरतात.

पाय वापरायचाच नसेल तर स्वेल आपोआप करणारी पेडल आहेत. तू छेड, आवाज मी उघडतो, असा त्यांचा कारभार. १९७९ मध्ये बॉस कंपनीने काढलेलं स्लो गिअर हे त्यातलं जुनं नाव. यांची अडचण अशी की प्रत्येक छेडणं स्वच्छ सुटं असावं लागतं. आधीचा सूर वाजत असताना पुढचा छेडला तर पेडलला नवी सुरुवात कळत नाही आणि टंकार निसटतो. मला पाय जास्त भरवशाचा वाटतो.

जाता जाता ईबोचं नाव घ्यायला हवं. हातात मावणारं हे बॅटरीवरचं यंत्र १९७६ मध्ये बाजारात आलं. ते चुंबकीय क्षेत्राने तारेला न शिवता कंपित ठेवतं, त्यामुळे सूर हवा तितका वेळ टिकतो. मात्र एका वेळी एकच तार. एकेरी ओळीसाठी ते अप्रतिम, कॉर्डसाठी नाही. सिगुर रोस या आइसलंडच्या बँडचा योन्सी चेलोच्या गजाने गिटार वाजवतो, तोही याच हेतूचा दुसरा मार्ग. पण गिटारच्या तारा सपाट रेषेत असल्यामुळे गजाला एकेक तार वेगळी निवडता येत नाही, आणि गजाला लावलेल्या राळेचा चिकटा साफ करत बसावं लागतं ते वेगळंच.

जोडणीचा क्रम

गिटार, कॉम्प्रेसर, हवा असेल तर हलका ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाटवणारं पेडल), व्हॉल्यूम पेडल, कोरस (सूर किंचित हलता ठेवणारं), डिले (सूर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा ऐकवणारं), रिव्हर्ब, अँप. सुरुवातीला हाच क्रम ठेवा.

यातली न हलवायची जागा व्हॉल्यूम पेडलची: डिले आणि रिव्हर्बच्या आधी. टाच खाली नेली की गिटार बंद होते, पण डिले-रिव्हर्बमध्ये गेलेला सूर आपल्या गतीने विरत राहतो. तेवढ्या वेळात तुम्ही शांतपणे पुढची कॉर्ड धरता. माझं व्हॉल्यूम पेडल सुरुवातीला साखळीच्या शेवटी होतं. प्रत्येक कॉर्डनंतर सगळा नाद दार आपटल्यासारखा बंद व्हायचा आणि रिव्हर्ब बिघडलाय अशी माझी खात्री पटली होती. एक संध्याकाळ केबल बदलण्यात गेली.

अँपचं स्वतःचं डिस्टॉर्शन वापरणार असाल तर डिले आणि रिव्हर्ब अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये (डिस्टॉर्शनच्या नंतर पेडल जोडायची अँपवरची जागा) जोडा. रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या आधी गेला तर सगळ्या लांबलेल्या सुरांची एकत्र खिचडी होते. काहींना तीच खिचडी हवी असते आणि त्यावर संगीताचे अख्खे प्रकार उभे आहेत, पण शिकताना नको.

डिले: आस वाढवायचं गणित

डिलेमध्ये तीन नॉब पुरे: वेळ, फीडबॅक (आवर्तनाचा किती भाग पुन्हा आत सोडायचा), मिक्स (मूळ सुरात परिणाम किती मिसळायचा). फीडबॅक ५० टक्के म्हणजे प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा ६ डेसिबलने लहान. आवाज ६० डेसिबल खाली गेला की तो व्यवहारात संपला असं धरतात, म्हणजे दहा आवर्तनं. वेळ ५०० मिलिसेकंद असेल तर पाच सेकंदांची आस मिळाली. फीडबॅक ७० टक्के केलात तर प्रत्येक आवर्तन साधारण ३ डेसिबलनेच उतरतं आणि तीच आस जवळजवळ दहा सेकंदांवर जाते. त्याच्या पुढे जपून. १०० टक्क्यांशी पोचलात की आवाज कमी होणं थांबतं, काही पेडलवर तो वाढतच जातो.

ताल असलेल्या गाण्यात डिलेची वेळ लयीशी जुळवावी लागते. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (एका मिनिटातल्या मात्रांनी) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. ८० बीपीएमला ७५०. पॅडसाठी मात्र मी शक्यतो लय जुळवत नाही. आवर्तनं ठरावीक ठोक्यावर येऊ लागली की कान ती मोजायला लागतो आणि नाद तुटक वाटतो. दोन डिले असतील तर एक ४३० वर, दुसरा ६७० वर, असे एकमेकांशी न जुळणारे आकडे ठेवा. आवर्तनं एकमेकांच्या फटींत पडतात आणि जोड दिसत नाही. डिलेवर टोनचा नॉब असेल तर तो अंधाराकडे वळवा, म्हणजे प्रत्येक फेरीत वरचे सूर झडत जातील.

ही कल्पना पेडलपेक्षा जुनी आहे. १९७२ मध्ये संगीतकार ब्रायन ईनो आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी दोन रेव्हॉक्स टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोन्हींतून फिरवली. पहिलं यंत्र ध्वनिमुद्रण करायचं, टेप काही सेकंदांनी दुसऱ्यापर्यंत पोचली की ते तोच आवाज वाजवायचं आणि पहिल्याकडे परत पाठवायचं. दोन यंत्रांमधलं अंतर हाच तिथला वेळेचा नॉब. तुमच्या पायाखालच्या पेडलमध्ये आज तेच घडतंय.

रिव्हर्ब आणि त्यातली चमक

रिव्हर्बमध्ये हॉल किंवा प्लेट निवडा. स्प्रिंग इथे फारसा कामाचा नाही, त्याचा तो उसळता खणखणाट टंकारालाच खतपाणी घालतो. डीके, म्हणजे नाद विरायला लागणारा वेळ, पाच ते आठ सेकंदांवर, मिक्स निम्म्यापासून सुरू. स्वेल नीट जमत असेल तर मिक्स ७०-८० टक्क्यांपर्यंत नेता येतो. प्रीडिले असेल तर तो कमी ठेवा. प्रीडिलेमुळे मूळ सूर आणि त्याची छाया वेगळी ऐकू येतात. गायकाच्या आवाजाला ते हवं असतं, आपल्याला दोन्ही मिसळायला हवेत.

शिमर नावाचा रिव्हर्ब एव्हाना तुम्ही ऐकला असेलच: सुरांच्या वर काचेसारखी चमकणारी, ऑर्गनसारखी झाक. रिव्हर्बमधून बाहेर पडणारा आवाज एक सप्तक वर चढवून पुन्हा त्याच रिव्हर्बमध्ये सोडतात. प्रत्येक फेरीत आवाज आणखी एक सप्तक चढतो. १९८० च्या दशकात ईनो आणि निर्माता डॅनियल लॅन्वा यांनी स्टुडिओतली वेगवेगळी यंत्रं जोडून हा परिणाम नावारूपाला आणला. आता तो एका पेडलमध्ये मिळतो. तो मोहात पाडतो, हे खरंच. पण त्याचा नॉब पाव भागाच्या पुढे गेला की प्रत्येक वाजवणाऱ्याचा पॅड सारखाच वाटायला लागतो. आधी शिमरशिवाय पॅड उभा करा.

कोरस ठेवायचा तर वेग सर्वांत खाली आणि खोली बेताची. सूर किंचित हलता राहावा, डुलू नये.

खालचा भागही कापावा लागतो. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झवर असतो आणि लांब रिव्हर्बमध्ये तिथला आवाज साचत जातो. सोबत बास गिटार किंवा पियानो असेल तर इक्वलायझरने १५० ते २०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. वरून ४-५ किलोहर्ट्झच्या पुढचंही कमी केलंत तर हिस आणि बोटांची खरखर दोन्ही जातात. एकट्याने वाजवत असाल तर खालचं राहू द्या.

काय वाजवायचं

नेहमीच्या सहा तारांच्या मोठ्या कॉर्ड इथे चालत नाहीत. खालच्या सप्तकातला गंधार लांब रिव्हर्बमध्ये गढूळ होतो, आणि मेजर कॉर्डवरून मायनरवर गेलात तर आधीचा गंधार अजून हवेत असतो, नवा त्याच्याशी भांडतो. म्हणून षड्ज, पंचम आणि वर ऋषभ, एवढ्यावर भागवा. गंधार लागलाच तर वरच्या तारांवर, एकदाच.

एक सराव देतो. तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला पहिलं बोट ठेवा आणि चौथी तार मोकळी ठेवा. हे दोन सूर, डी आणि ए, शेवटपर्यंत हलवायचे नाहीत.

आता त्यांच्यासोबत दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला करंगळी: डी, ए, ई. छेडा, उघडा, विरू द्या.

करंगळी काढा, सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट: जी, डी, ए. पुन्हा उघडा.

ते काढून पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला: बी, डी, ए.

तारा मधूनमधून सोडायच्या आहेत, म्हणून एकदम झोडपू नका. अंगठा आणि दोन बोटांनी एकाच वेळी चिमटीत उचलल्यासारख्या छेडा. तीन कॉर्ड झाल्या, पण त्यांतले दोन सूर एकच. त्यामुळे मागची कॉर्ड रिव्हर्बमध्ये विरत असताना पुढची आली तरी भांडण होत नाही, फक्त जमीन सरकल्यासारखी वाटते. दोन कॉर्डमधले किमान दोन सूर सामाईक ठेवायची सवय लागली की निम्मा पॅड जमलाच म्हणा. मग डीएडीजीएडीसारखी (सहाव्या तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी) मोकळी लावणी करून बघा, तिथे असे सामाईक सूर न मागता मिळतात.

आणि थांबा. एका कॉर्डला आठ सेकंद देणं सुरुवातीला फार अवघड जातं, हात शिवशिवतात.

फ्रीझ आणि लूपर

पॅड चालू ठेवून त्यावर वेगळं काही वाजवायचं असेल तर फ्रीझ वापरा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने याच नावाचं छोटं पेडल काढलं, आता इतरांकडेही तशी सोय असते. पाय दाबला की त्या क्षणाचा आवाजाचा बारीकसा तुकडा पेडल पकडतं आणि पाय असेपर्यंत सलग वाजवत राहतं. चूक नेहमी एकच होते. छेडताक्षणी पाय दाबला तर टंकारच गोठतो आणि कर्कश गुणगुण मिळते. छेडा, अर्धा सेकंद जाऊ द्या, सूर स्थिरावला की दाबा. गोठलेला सूर अगदी निश्चल असतो, म्हणून फ्रीझ कोरस, डिले आणि रिव्हर्बच्या आधी ठेवा. त्याच्यात जीव तेच आणतात.

लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा नोंदवून पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल, मात्र सर्वांत शेवटी, रिव्हर्बच्याही नंतर. वीस-तीस सेकंदांचा थर घ्या, मेट्रोनोम नको. लूप संपून पुन्हा सुरू होतो तिथे रिव्हर्बची शेपटी कापली जाते आणि जोड खटकतो. त्यावर उपाय सोपा आहे: पहिली फेरी पूर्ण झाली की थेट ओव्हरडबमध्ये (आधीच्या थरावर नवा थर नोंदणं) जा आणि काहीही वाजवू नका. शेवटच्या कॉर्डची शेपटी लूपच्या सुरुवातीवर आपोआप नोंदली जाईल. ती विरली की ओव्हरडब बंद करा.

पेडल नसतील तर

ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज संगणकात नेणारं यंत्र) आणि संगणक पुरे. गिटार इंटरफेसच्या हाय-झेड किंवा इन्स्ट्रुमेंट असं लिहिलेल्या इनपुटलाच जोडा, माइक इनपुटला नको. वल्हाला सुपरमॅसिव्ह हा फुकट मिळणारा प्लगइन डिले आणि रिव्हर्ब दोन्हींचं काम करतो आणि पॅडसाठी तो मुद्दाम बनवल्यासारखा आहे. स्वेल गिटारच्या नॉबनेच करा. एक बरं असतं: संगणकातल्या ज्या उशिराने ताल धरणारे वैतागतात, तो इथे जाणवतच नाही, कारण आपण स्वतःच सूर दोन सेकंद उशिरा आणतोय.

बिघडतं कुठे

सतत हिस येत असेल तर कॉम्प्रेसर कमी करा, पण नॉइज गेट लावू नका. गेटला लहान आवाज म्हणजे कचरा वाटतो, आणि आपला स्वेल लहान आवाजातूनच सुरू होतो; तो त्याची सुरुवातच खाऊन टाकतो. टिकटिक किंवा चिरका आवाज येत असेल तर वीजपुरवठा तपासा. डिजिटल डिले-रिव्हर्ब पेडलना बऱ्याचदा २००-३०० मिलिअँपिअर लागतात आणि एकाच अडॅप्टरवर पाच पेडल लटकवली की ती कुरकुरतात. प्रत्येकाला वेगळं आउटपुट देणारा आयसोलेटेड सप्लाय हे त्याचं औषध.

सगळं एकत्र वाजवताना पॅड गाण्यावर चढत असेल तर आवाज कमी करण्याआधी एक तार कमी करून बघा. तीन सुरांऐवजी दोन.

शेवटची कॉर्ड उघडलीत की टाच खाली आणा आणि दोन्ही हात तारांवर सपाट ठेवा, म्हणजे गिटार पूर्ण गप्प होईल. रेकॉर्डिंग चालूच ठेवा. डिले आणि रिव्हर्ब अजून दहा-बारा सेकंद बोलत राहतील. त्यांचं बोलणं संपेपर्यंत खुर्चीही हलवू नका.